ओटीत परत

आश्विनातला मंगळवार. शिवायला टाकलेले ब्लाउज आणायला शोभाताईंच्या दुकानात गेले होते. माझ्या पुढे एक बाई उभ्या होत्या. या बाई प्रत्येक ब्लाउज तीनदा उसवून घेतात, आणि लग्नात मिरवून झाल्यावर गळा चुकला म्हणून परत आणतात. निम्मी कॉलनी त्यांच्या शब्दावर शोभाताईंकडे येते.

“हा तरी नीट शिव,” म्हणत त्यांनी नवा खण टेबलावर टाकला.

शोभाताईंनी देवीपुढचा नारळ उचलला, बाईंना कुंकू लावलं, आणि नारळ, तांदूळ आणि त्यांचाच खण त्यांच्या ओटीत घातला. “वहिनी, तुमच्या मापाला माझा हात पुरत नाही. हा दुसरीकडे शिवून घ्या.”

बाईंच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, पण पदरात पडलेली ओटी परत कशी करणार? सवयीने “येते” म्हणाल्या आणि गेल्या.

“निम्मी कॉलनी जाईल हं,” मी म्हटलं.

“जाईल. उसवणंही जाईल.”

जन्मभर मी ओट्या भरल्या, लेकीबाळींच्या, पाहुण्यांच्या. निरोपाच्या या रीतीत एवढा ठाम नकार मावतो, हे कधी मनातही आलं नव्हतं. आवाज चढला नाही, तांदळाचा दाणा सांडला नाही.

मी फराळाच्या ऑर्डरी घेते. माझ्याही गिऱ्हाइकांत अशा एक बाई आहेत. सगळ्या चकल्या संपवून रिकामा डबा आणतात आणि मऊ होत्या म्हणतात. यंदाची ऑर्डर द्यायला त्या उद्या येणार होत्या.

सकाळी भाजी घेताना एक नारळ वाजवून घेतला.