जोडीचं तिकीट

लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, थोरली मुलगी दहावीत होती, तरी मी माझ्या नवऱ्याच्या शेजारी कधी बसले नव्हते. लग्नात पाटावर बसले तेवढंच, आणि तेव्हा मान वर करायची सोय नव्हती. पालमहून गंगाखेडला किंवा परभणीला जायचं झालं की हे एसटीत मला बायकांच्या बाकावर बसवून देत आणि स्वतः मागं पुरुषांत जाऊन बसत. उतरायचं ठिकाण आलं की मागून खाकरत. त्या खाकरण्यावर मी पिशवी उचलायची. यात त्यांचा काही दुष्टावा नव्हता. आमच्याकडं सगळ्यांचंच तसं होतं.

घरात तर बोलायचीही चोरी. सासरे दिवसभर ओसरीवर बसलेले असत. घरचे-दारचे सगळे त्यांना बापू म्हणत. बापूंच्या देखत मुलानं बायकोशी बोलायचं नाही असा कायदा कुणी केला नव्हता, पण तो मोडलाही कुणी नव्हता. जेवायला बसले की हे आमच्या मुलीला सांगत, "आईला म्हण, भाकर आण." आई तिथंच, हातात भाकर घेऊन उभी. हंगामात हे मालाच्या राखणीला दुकानात झोपत आणि मी माजघरात सासूबाईंजवळ. मग मुलं कशी झाली, असं कुणाच्या मनात येईल. झाली. बोलणं तेवढं झालं नाही.

दुकान औषधांचं होतं, म्हणजे कापसावर फवारायच्या औषधांचं. ह्यांच्या सदऱ्याला, पांघरुणाला, हातातल्या पानालासुद्धा तो वास यायचा. कंपन्या दुकानदारांना दर हंगामात काही ना काही आमिष दाखवत. एकदा भिंतीवरचं घड्याळ मिळालं, एकदा थर्मास. त्या वर्षी कंपनीच्या माणसानं नवीनच स्कीम आणली. प्रत्येक खोक्यात एक रंगीत कूपन, कुपनावर पॉइंट, आणि ठरलेले पॉइंट भरले की दुकानदाराला औरंगाबादहून मुंबईला विमानानं नेऊन आणणार. बरोबर बायकोचं तिकीट फुकट.

"बायकोच्या जागी वडील चालतील का?" ह्यांनी विचारलं. कंपनीचा माणूस घरी चहाला आला होता आणि मी आतल्या दाराशी उभी होते.

"नाही साहेब, जोडीच पाहिजे," कंपनीचा माणूस हसत म्हणाला. तो पुण्याकडचा होता. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

ह्यांच्या हातून कुपनं हरवायची. खोकं फोडलं की कागद कुठंतरी भिरकावायचे, ही त्यांची जुनी खोड. म्हणून मी रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन दुकानात जायची, रिकामी खोकी उलटीपालटी करून कुपनं काढायची आणि डालड्याच्या डब्यात टाकायची. सासूबाईंना वाटलं, सुनेला विमानाचं वेड लागलं. मी वाटू दिलं. विमानाची मला कवडीची हौस नव्हती. उंचावरून खाली बघितलं की मला आडावरसुद्धा गरगरायचं. मला हवी होती ती त्यांच्या शेजारची जागा. जिथं बापू नाहीत, सासूबाई नाहीत, गिऱ्हाईक नाही, अशा ठिकाणी मला त्यांच्याशी मुलीबद्दल बोलायचं होतं.

मुलगी हुशार होती. तिला दहावीनंतर परभणीला जाऊन अकरावी करायची होती, पुढं नर्सिंगला जायचं होतं. तिच्या बाकावरची मैत्रीण बौद्ध घरातली होती. तिचे वडील शाळेत शिपाई होते आणि त्यांनी परभणीच्या वसतिगृहाची चौकशी आत्ताच करून ठेवली होती. दोघी एका खोलीत राहायच्या बाता मारायच्या. आणि इकडं बापूंनी राणीसावरगावचं स्थळ बघून ठेवलं होतं. जमीन ओलिताखालची, मुलगा निर्व्यसनी, हुंड्याला हावरी नसलेली माणसं. स्थळ वाईट नव्हतं हीच पंचाईत होती. वाईट असतं तर निदान नाव तरी ठेवता आलं असतं.

"शिकून काय करायलीय? आन् वातावरण कसं हाय बघायलात न्हवं?" बापू म्हणायचे. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात इतकी वर्षं जे धुमसत होतं ते पुन्हा वर येणार, असं जो तो बोलत होता. बापूंना त्या नावाचं सोयरसुतक नव्हतं, पण पोरीला शहरात न पाठवायला ते कारण आयतंच सापडलं. "पाव्हण्याला होळीनंतर बोलावू," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. ह्यांनी मान हलवली होती. ती होकाराची की नुसतीच, हे मला कळलं नव्हतं. आणि तेच मला विचारायचं होतं.

"आई, विमानात बापू नसतेत," मुलगी एकदा भांडी घासताना म्हणाली. "तिथं बोल दादांला." ती वडिलांना दादा म्हणायची.

"बोलते," मी म्हणाले.

पॉइंट भरले. जानेवारीत जायचं ठरलं. औरंगाबादपर्यंत जीप होती, त्यात आणखी दोन दुकानदार जोड्यांनी. पुरुष पुढं, आम्ही बायका मागं बोचक्यांसारख्या. मी काही वाईट वाटून घेतलं नाही. जीप म्हणजे काही विमान नव्हे.

विमानतळावर सगळे दुकानदार जमले. कुणी जिंतूरचे, कुणी सेलूचे, कुणी नांदेडकडचे. कंपनीच्या माणसानं प्रत्येक जोडीच्या हातात दोन पास दिले. ह्यांनी ते दोन्ही मला धरायला दिले, बहुतेक हरवतील म्हणून. मी आकडे वाचले. शेजारशेजारचे होते. मला इतकं बरं वाटलं की मी पदर तोंडाला लावून तोंड फिरवलं. नव्या नवरीसारखं हसू येत होतं आणि त्या वयात ते शोभणारं नव्हतं.

आत शिरलो, आपापल्या जागा शोधून बसलो. मी खिडकीकडं, हे माझ्या शेजारी. त्यांचा दंड माझ्या दंडाला लागत होता. ते अवघडून समोर बघत होते, मीही. जरा विमान सुरू होऊ दे, मग बोलू, असं मी मनात म्हणत होते. पहिलं वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

तेवढ्यात पुढून एक वयस्क दुकानदार उठले. धोतर, डोक्याला रुमाल, सगळ्यांत जुनं दुकान त्यांचं. त्यांनी मागं वळून सगळ्यांकडं बघितलं, आणि भर बाजारात कुणाचं धोतर सुटलेलं दिसावं तसं त्यांचं तोंड झालं.

"आरं, असं कसं बसलात?" ते म्हणाले. "बायांला एकीकडं बसू द्या, आपण एकीकडं बसू. त्यांलाबी मोकळं वाटंल, आपल्यालाबी बोलता यील."

कुणी नाही म्हणालं नाही. उलट सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. पुरुष भराभर उठले, बायका उठल्या, चालायच्या वाटेत ही गर्दी झाली. विमानातली पोरगी इंग्रजीत, हिंदीत काहीबाही सांगत राहिली, तिच्याकडं बघतंय कोण. पुरुष पुढं, बायका मागं, अगदी एसटीसारखं. हे उठले. उठताना त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. "थांबा" म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्या माणसांत नवऱ्याला थांबवणारी बाई मी नव्हते. ते पुढं गेले. त्यांच्या जागेवर सेलूची एक जाड बाई येऊन बसली आणि तिनं मला डब्यातली शेंगदाण्याची चटणी दाखवली.

मुंबईला पोचेपर्यंत मी त्यांच्या टोपीकडं बघत बसले. खाली समुद्र दिसला म्हणून बायका ओरडल्या. मी पाहिला नाही. मला रडू येत होतं आणि सेलूच्या बाईला वाटलं कान दुखायलेत. तिनं मला कापूस दिला.

मुंबईत हॉटेलातही तोच घोळ. एकानं बायकोऐवजी बहिणीला आणलं होतं, कंपनीला कळू न देता. तिची झोपायची सोय लावायची म्हणून सगळ्याच बायका एका बाजूच्या खोल्यांत आणि पुरुष दुसऱ्या बाजूला. कंपनीचं भाषण झालं, बसमधून फिरवलं, जेवणं झाली. हे दुरून दिसायचे. एकदा बसमधून उतरताना मी त्यांना गाठून म्हणाले, "मला जरा बोलायचंय."

"पैसे पायजेत का?" ते म्हणाले आणि खिशात हात घातला. मागून लोक उतरत होते. मी नको म्हणाले.

परतीच्या विमानात सूचना सांगणारी बाई दुसरी होती, करारी. ते वयस्क दुकानदार उठायला लागले तसं तिनं त्यांना सरळ खाली बसवलं. ज्याच्या पासवर जो आकडा, तिथंच त्यानं बसायचं. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले. हे माझ्या शेजारी बसले. विमान धावायला लागलं, घरघर वाढली, आणि मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. मुलीचे मार्क सांगितले, गुरुजी काय म्हणतात ते सांगितलं, वसतिगृहाचं सांगितलं, तिच्या मैत्रिणीचं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तिला एवढ्यात देऊ नका हो. तुमी मान हलवली, पण तुमच्या मनात काय हाय ते मला सांगा."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "माझ्या बी मनात न्हाई. पोरगी हुशार हाय. शिकू दे तिला."

मी पदर सावरून त्यांच्याकडं वळले.

"मी बोलतो बापूला," ते म्हणाले. मग जरा रागानंच माझ्याकडं वळले. "पण कामून इतके दिवस गप बसलीस? जातानाच सांगितलं असतंस तर मुंबईहून फोन केला असता. आपण निघायच्या दिवशी बापू म्हणायले होते, पाव्हण्याची घाई चाललीय म्हणून."

जाताना सांगितलं असतंस तर! जाताना ते कुठं बसले होते ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मला संताप आला, आणि तरीही मी सुखात होते, हे खरं सांगते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला तास असेल. आम्ही मुलीला परभणीला पेटी कोणती द्यायची, इथपर्यंत बोललो.

औरंगाबादला उतरलो तर वाहतूक ठप्प. नामांतराचा निर्णय जाहीर झाला होता. कुठं पेढे वाटत होते, कुठं दगड पडत होते. एसटी बंद, जीपवाला निघायला तयार नाही. हे फोन करायला गेले आणि तसेच परत आले. एसटीडीच्या दुकानांना कुलपं होती. थोड्या वेळानं पुन्हा गेले. मी एवढी धडपड करताना त्यांना कधी बघितलं नव्हतं. कंपनीच्या गोदामात आम्ही अडकून पडलो, रस्ते मोकळे झाले तेव्हा निघालो. वाटेत ते काही बोलले नाहीत, पण मला धीर होता. बापूंशी काय बोलायचं ते मनात जुळवतायत, असं मला वाटत होतं.

घरी पोचलो तर ओसरीवर सतरंजी अंथरलेली, कोपऱ्यात चहाचे उष्टे कप. बापू खुशीत होते.

"पाव्हणे येऊन गेले," ते म्हणाले. "वातावरण बघायलात न्हवं? म्हणलं कशाला लांबवायचं. सुपारी फोडून घेतली. परीक्षा झाली की बार उडवून द्यायचा."

हे पायरीवर उभे होते. हातात पिशवी तशीच. मी दोन पावलं मागं, पदर डोक्यावर. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. आता बोलतील, आत्ता बोलतील. बापूंनी त्यांच्याकडं मान वर करून बघितलं.

"बरं केलं, बापू," ते म्हणाले.

आणि पाय धुवायला मोरीकडं गेले.

मी आत आले. मुलगी चुलीपाशी होती. तिचं रडून झालं होतं, डोळे कोरडे आणि लाल. तिनं बाहेरचं ऐकलं होतं. तरी तिनं मला विचारलंच, हळू आवाजात, "विमानात बोललीस का दादांला?"

खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं की बापाला तिचं शिकणं पटलं होतं, त्यानं शब्द दिला होता, आणि तरीही तो आत्ता बापूंना बरं केलं म्हणाला. ते सोबत देऊन तिला सासरी पाठवायला माझं मन धजेना.

"बोलले गं," मी म्हणाले. "पण विमानात आवाज लय असतो. त्यांला ऐकूच गेलं न्हाई."

तिनं मान हलवली आणि पिठाची परात पुढं ओढली.

उन्हाळ्यात लग्न झालं. दहावीचा निकाल लागला तेव्हा ती राणीसावरगावला होती. पहिल्या वर्गात पास झाल्याचं तिला मैत्रिणीनं जाऊन सांगितलं, आणि मैत्रीण परभणीला निघून गेली. ती शेतात राबली, तिला मुलं झाली, वाईट काही झालं नाही. ह्यांना जाऊनही आता बराच काळ लोटला. त्यांच्या छातीत तो औषधाचा वास शेवटपर्यंत होता. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, मीही काढलं नाही.

मुलगी माहेरी आली की कधीतरी तो विषय निघतो. "दादांला विमानात ऐकू गेलं असतं ना आई," ती म्हणते, "तर त्यांनी नक्की थांबवलं असतं."

मी हो म्हणते.