मोठेबाबांचं डबल डाय

मोठेबाबांच्या बोलण्यात ‘असेल’ हा शब्दच नव्हता. आहे, नाहीतर नाही. सौसरला त्यांचं किराणा दुकान होतं आणि गल्ल्यात पडणारं प्रत्येक नाणं ते भिंगाखाली धरून पाहत. तोवर गिऱ्हाईक साखर मागून मागून कंटाळलेलं असे. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा मोठेबाबा आणि मोठीआईनेच मला वाढवलं. लग्न होऊन मी पांढुर्ण्याला आले, तरी रविवारी सौसरची बस ठरलेली.

त्यांना वेड एकच, डबल डायचं. टांकसाळीत साचा घडवतानाच त्यावर अक्षरं दोनदा उमटली, तर त्या साच्याच्या प्रत्येक नाण्यावर ती तशीच दुहेरी येतात. असं एक नाणं आपल्या गल्ल्यात यावं, एवढीच त्यांची आस. विकत घ्या म्हटलं की चिडत. “विकत आणलेल्याले सापडलं म्हनते काय कोनी?”

अलीकडे असल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असे मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून लोक नाणी घेऊन येऊ लागले. रामाकोन्याची एक बाई रुमालात बांधून आणलेलं नाणं किती आशेने उघडत होती! मोठेबाबांनी भिंग धरलं आणि म्हणाले, “बाई, ह्याच्यात मशीन हललेली हाय. ठोका पडताना साचा सरकला. पाह्य, अक्षराच्या बाजूले चपटी पायरी पडली अन् अक्षर बारीक झालं. खऱ्या डबल डायचं अक्षर जाड असते, त्याच्या कोपऱ्याले खाच असते.” बाईचा चेहरा पडला. तिला चहा पाजला, पण ‘नाही’चं ‘असेल’ काही केलं नाही. ती गेल्यावर मोठीआई करवादली, “एखाद्याचं मन राखलं तं काय बिघडते तुमचं?”

“मन राखाले भिंग कायले लागते वं?” मोठेबाबा म्हणाले.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी त्यांचा फोन आला. “पोरी, सापडलं वं! लवकर ये.” मी शिकवते त्या शाळेतून सुट्टी काढून गेले. इस्त्रीचा सदरा घालून ते दुकानात बसले होते. समोर धुतलेल्या टॉवेलवर ते नाणं. “कोरेनं धर, बोट लावू नको.”

मी भिंगातून पाहिलं. दारात उजेडाला नेऊन पुन्हा पाहिलं. सगळी अक्षरं स्वच्छ, एकेरी. साधं, चलनातलं नाणं. त्यांचे डोळे माझ्यावर खिळलेले होते. ‘हो’ म्हणावं, असं फार फार वाटलं. पण नाणं पाहायला त्यांनीच तर मला शिकवलं होतं. “मोठेबाबा, एकेरीच आहे हो,” मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. माझ्या पर्समधलं एक नाणं मागून घेतलं, पाहिलं. दुसरं मागितलं. मग भिंग खाली ठेवून फळीवरच्या तेलाच्या डब्याकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे.

“सगळंच दुहेरी दिसून राह्यलं,” ते सावकाश म्हणाले. “म्हंजे नाण्यात काही नाही. मशीन माहीच हलून राह्यली.”

त्यांची थट्टा चालली आहे असं समजून मोठीआई आतून हसली.

नागपूरला नेलं, तर डोक्यात गाठ निघाली. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक डोळा झाका म्हणजे एकच दिसेल, एवढं मात्र डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर मोठेबाबांनी नाण्यांचं नावही काढलं नाही. उजव्या डोळ्यावर तळवा ठेवून ते मोठीआईला पाहत बसत. “इतकी म्हातारी कवा झाली वं तू?” एकदा त्यांनी विचारलं. ती उठून चुलीपाशी गेली आणि पदर तोंडात धरून रडली. मला तर तेही जमलं नाही.

शेवटच्या सकाळी मोठीआई उशाशी बसली, तेव्हा त्यांनी हात उचलला. तो छातीपर्यंतच आला आणि पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग त्यांच्या उजव्या डोळ्यावर मी माझा तळवा ठेवला. ते मोठीआईला पाहत राहिले. तळव्याखाली त्यांच्या पापण्या हलताना मला कळत होत्या. हलायच्या थांबल्या, तरी मोठीआई त्यांच्यासमोरून उठेना आणि मला हात काढवेना.