पान सतरावरचा शब्द

“हा शब्द कुठून उचललास?”

सरांनी माझ्या प्रोजेक्टची फाइल टेबलावर उघडी टाकली होती. पान सतरा. एका शब्दाभोवती लाल पेनाने गोल. एम.ए.चा वर्ग, विषय इंग्रजी, दुसरं वर्ष. बावीस जण बसलेले आणि मी एकटी उभी.

“ऑनलाइन डिक्शनरीतून, सर.”

“कुठल्या?”

मी नाव सांगितलं. फुकटची साइट. सर हसले. मग वर्गाकडे बघून हसले. साहेब हसले की हसायचं, हे आमच्या वर्गाला शिकवावं लागत नाही. वर्ग हसला.

त्यांनी कपाटातून जाडजूड कोश काढला. त्या कपाटाला काच आहे, काचेला कुलूप आहे आणि किल्ली सरांच्या खिशात असते. दोन वर्षं तो कोश मी काचेतूनच पाहत होते. सरांनी पानं उलटली, बोट फिरवलं आणि पुस्तक माझ्याकडे वळवून धरलं.

“दाखव. कुठं आहे?”

नव्हता. त्या कोशात तो शब्द नव्हता.

“म्हणजे शब्द खोटा, नाहीतर चोरीचा. तुझा तर नक्कीच नाही.”

मग त्यांनी फाइल उचलून झटकली. आतून लेबलं पडली. गोदामातली, चुकीची छापलेली, फेकायची लेबलं. पाठीमागे माझ्या अक्षरात इंग्रजी शब्द. सरांनी एक लेबल दोन बोटांत धरलं, घाणेरडं फडकं धरावं तसं.

“ही हिची संदर्भसूची. बघा. गोदामात पॅकिंग करता ना? मग ते नीट करा. साहित्याच्या नादी कशाला लागता?”

‘करता’ म्हणाले. एकटीला नाही, आम्हा सगळ्यांना म्हणाले. माझ्या मागे अजून चार जणी गोदामात कामाला जाणाऱ्या होत्या. त्याही हसत होत्या. मी खाली वाकून लेबलं गोळा केली. एक सरांच्या बुटाखाली होतं. ते त्यांनी पाय उचलून दिलं नाही, मी ओढून काढलं.

लेबलांचं सांगते. आमच्या दिघाशी गावाहून पहिल्या एसटीने मी भिवंडीच्या गोदामात येते. सकाळची शिफ्ट, पॅकिंग. गेटवर मोबाइल जमा करायचा आणि टोकन घ्यायचं. आत मोबाइल नेता येत नाही. पण डोकं कुणी जमा करून घेत नाही. खोकी बंद करताना आदल्या दिवशी वाचलेलं डोक्यात फिरत असतं. एखादा शब्द अडला की वाया गेलेल्या लेबलाच्या पाठीवर लिहायचा आणि खिशात टाकायचा. शिफ्ट सुटली की मोबाइल परत घ्यायचा आणि कॉलेजला चालत जाता जाता एकेक शब्द शोधायचा. डिक्शनरीत स्पीकरचं चित्र असतं. ते दाबलं की एक बाई शब्द म्हणून दाखवते. दहादा दाबलं तर दहादा म्हणते, वैतागत नाही. मला इंग्रजी बोलायला तिने शिकवलं. शब्दाखाली त्याचं मूळ दिलेलं असतं, कुठल्या भाषेतून आला, आधी काय अर्थ होता. शब्दाचं कूळ विचारलं तर त्याला अभ्यास म्हणतात. माणसाचं विचारलं तर काय म्हणतात, ते मला कोशात शोधावं लागलं नाही.

तसं आमच्या कॉलेजने मोठं ऑनलाइन ग्रंथालय घेतलेलं आहे. मोठे कोश, शब्दांचे इतिहास, समीक्षकांचे लेख. उद्घाटनाला फीत कापली, त्याचा फोटो अजून फलकावर आहे. लॉगिन मात्र सरांच्या डायरीत. पहिल्या वर्षी मी मागायला गेले होते. सर म्हणाले, “तुला कशाला? तुझं गाईडवर भागतंय.” ज्यांच्या घरी सर जेवायला जातात, त्यांच्या मुलांकडे ते लॉगिन होतं. मला तीन ओळी दिसायच्या आणि चौथीपासून सगळं धूसर. खाली लिहिलेलं, पुढचं वाचण्यासाठी आपल्या संस्थेमार्फत प्रवेश करा. संस्था माझी, ओळखपत्र माझ्या गळ्यात, आणि प्रवेश नाही. मग मी फुकटच्या साइटींवर, जाहिराती बाजूला सारत वाचत राहिले.

आता त्या शब्दाचं. आम्हाला एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे, कापडगिरण्यांच्या गावातली. तिच्यात एक प्रसंग आहे. एक सभ्य गृहस्थ गिरणी बघायला येतो. मागांपुढे बायका उभ्या आहेत. त्यांचे ओठ हलतात, पण त्याला काही ऐकू येत नाही. ह्यावर सरांच्या नोट्स आहेत. यंत्रयुगाने ह्या स्त्रियांचा आवाज हिरावून घेतला, त्यांचं मौन हे प्रतीक आहे, वगैरे. कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्या नोट्स सरांच्या नावानिशी मिळतात. दरवर्षी सगळे तेच उतरवतात आणि पास होतात.

मी ते वाचलं आणि मला हसू आलं. माझी आई वीस वर्षं भिवंडीतल्या लूमच्या कारखान्यात कांडी भरते. म्हणजे आडव्या धाग्याचं सूत छोट्या कांडीवर गुंडाळून द्यायचं. लहानपणी मी सुताच्या चिंध्यांच्या ढिगावर बसून असायचे. तिथं हातभर अंतरावरची हाक ऐकू येत नाही. म्हणून बायका आवाज न काढता बोलतात. ओठ मोठे हलवायचे, जोडीला हात. कुणाची सून बाळंत झाली, कुठल्या मुकादमाची नजर वाईट, शेठ कुठल्या दाराने येतोय, सगळं. मी अक्षरं शिकायच्या आधी आईचे ओठ वाचायला शिकले. त्या खोलीत दिवसभर एकही बाई गप्प नसते.

हे मी प्रोजेक्टमध्ये लिहिलं. पान सोळावर लिहिलं की ह्या बायका मुक्या नाहीत, बघायला आलेल्या माणसाला त्यांची भाषा येत नाही. मग वाटलं, इंग्लंडातल्या गिरण्यांतही असंच असेल, तर त्याला तिथल्या लोकांनी काहीतरी नाव दिलं असेलच. बरेच दिवस शोधलं. शेवटी एका फुकटच्या बोलीकोशात सापडलं. मीमॉइंग. गिरणीतल्या बायकांचं ओठांनी आणि हातांनी बोलणं. मी तेव्हा गोदामाच्या कुंपणाशी उभी होते. माझ्या आईच्या बोलण्याला इंग्रजीत नाव आहे, एवढ्या गोष्टीने मला रडू आलं. जाडजूड कोशात तो नव्हता ह्याचं मला नवल वाटलं नाही. असल्या बायकांचे शब्द काचेच्या कपाटात कोण ठेवणार?

पान सतराच्या तळाशी मी साइटचं नाव लिहिलं होतं, पाहिल्याची तारीख लिहिली होती. सरांनी ते वाचलंच नाही. त्यांचं दुखणं पान सोळावर होतं. गोल मात्र सतरावर मारला.

तास संपल्यावर त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर एक टाइप केलेला कागद ठेवला, इंग्रजीत. माफीनामा.

“स्वतःच्या हाताने लिहून काढायचा. खाली तुझी सही आणि पालकांची सही. पालकांना इथं घेऊन यायचं. मग मी पास करतो. नाहीतर प्रोजेक्ट रद्द आणि वर्ष गेलं.”

एम.ए.च्या मुलीला कुणी पालक आणायला सांगतं का? मला सांगितलं. चोरून उतरवल्याची कबुली, आणि तीही सरांच्या कागदावरून उतरवून द्यायची. चोराच्या उलट्या बोंबा, अजून काय.

वर्ष जाणं मला परवडणारं नव्हतं. घरी बोली झाली होती. ह्या वर्षी एम.ए. झालं तर पुढे शिकवायची नोकरी बघायची, नाहीतर गणेशपुरीकडचं स्थळ. हे वर्ष मिळावं म्हणून आई बाबांशी महिनाभर भांडली होती. वर्गातली नाहीद मला जिन्यात भेटली. तिचे अब्बा लूम चालवतात. ती म्हणाली, “साइन कर दे ना यार. साल बच जायेगा. मैं होती तो कर देती.” तीही वर्गात हसली होती. 

घरी आई सुक्या बोंबलांची डोकी खुडत बसली होती. मी सांगितलं.

“काय लिवलाय त्या कागदात?”

“चूक झाली म्हणून लिहिलंय.”

“मंग कर सही आन् मोकली हो. सही केल्यानं अंगाला भोक न्हाय पडत.”

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, मी पेन घेतलं होतं. पण सवय वाईट. कागद इंग्रजीत दिसला की मोबाइल हातात येतो. वरवर सगळे शब्द ओळखीचे होते. तरी एकेक टाकून बघितला. अंडरसाइन्ड, खाली सही करणारी, म्हणजे मी. डिलिबरेटली, जाणूनबुजून. रिमोर्स, पश्चात्ताप, आणि मूळ लॅटिनमध्ये पुन्हा चावणं. लीनियन्सी, गुन्हेगाराला दाखवलेली नरमाई. शेवटच्या ओळीत एक शब्द होता, रिड्रेस. अन्यायाची भरपाई, दाद. ती ओळ पुन्हा वाचली. ह्या बाबतीत खाली सही करणारी पुढे कधीही, कुठेही दाद मागणार नाही.

मी पेन खाली ठेवलं. कारण असल्या एका कागदावर मी आधीच सही करून बसले होते. गोदामात लागले तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने सहा कागद पुढे केले. इथं, इथं, इथं. केल्या सह्या. सहावा कागद काय होता ते वर्षभराने कळलं. सोबतच्या एका बाईने बाळंतपणाची रजा मागितली, तर तिला तिचाच राजीनामा दाखवला. तिच्या सहीचा. तारीख तेवढी नवीन भरलेली. म्हणजे माझाही तिथं आहे. मी इंग्रजीत एम.ए. करत होते आणि पाच ओळींच्या इंग्रजी कागदावर न वाचता सही करून आले होते. सरांनी केलेल्या अपमानापेक्षा मला ती लाज मोठी वाटली, आजही वाटते.

मी आईला माफीनाम्याचा एकेक शब्द आपल्या भाषेत सांगितला. तिचे हात थांबले.  मग म्हणाली, “उद्या येते मी.”

आई कारखान्यातून तशीच आली, केसांत सुताचा भुगा घेऊन. सरांच्या केबिनमध्ये तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. सरांनी तिला दाराजवळचं स्टूल दाखवलं. आई बसली, हात मांडीवर. सर माझ्याशीच बोलले.

“आईला समजावून सांग. त्यांना काही कळायचं नाही.” मग तिच्याकडे जरा वाकून, मोठ्याने, “बाई, मुलीच्या भल्याचंच आहे.”

त्यांनी कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी पेन उचललं नाही. आईकडे बघितलं. मला वाटलं, ती मान हलवेल आणि मी लिहायला बसेन. तिने सांगितलं असतं तर मी सही केली असती. हे मी लपवणार नाही.

आईचे ओठ हलले. आवाज नाही. एक हात मांडीवरून थोडा उठला आणि आडवा फिरला. वीस वर्षं बोलते तसं ती बोलली.

न्हाय करायची. वरीस जाव दे. चोर कोन, ते त्याला ठाव हाय.

सर तिच्याकडेच बघत होते. नीट, चष्म्यातून. मग मला म्हणाले, “बघ. तुझी आई बिचारी किती गप्प झालीय. ह्या वयात तिला हे बघायला लावतेस.”

 मला हसू आलं का संताप, माहीत नाही. दोन वर्षं ह्या माणसाकडून मी साहित्य शिकत होते.

“ती गप्प नाही, सर. ती आत्ता बोलली. तुम्हाला कळलं नाही.”

“काय?”

“पान सोळावर लिहिलंय. मी सही करणार नाही. शब्दही खोडणार नाही. माझी तोंडी परीक्षा घ्या, वर्गासमोर. प्रोजेक्टमधला कुठलाही शब्द विचारा. कुठं मिळाला, काय अर्थ, मी का वापरला, सगळं सांगते.”

“वर्ष जाईल.”

“जाऊ दे.”

आई उठली. स्टूल तिने उचलून भिंतीशी नीट लावून ठेवलं, आणि आम्ही बाहेर आलो.

वर्ष गेलं. तोंडी परीक्षा कुणी घेतली नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. स्थळ दोनदा येऊन गेलं, दोन्हीदा मी नाही म्हटलं. नाहीद पास झाली, आता मेसेजही करत नाही. मी अजून गोदामातच आहे, गेटवर मोबाइल जमा करते आणि टोकन घेते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो रोज चालू आहे, फक्त तोंड आता दाबलेलं नाही. प्रिन्सिपलांना मी लेखी अर्ज दिला आहे. प्रोजेक्ट कुठल्या कारणाने रद्द झाला ते लेखी द्या, आणि ऑनलाइन ग्रंथालयाचं लॉगिन प्रत्येक विद्यार्थ्याला द्या. उत्तर नाही. दुसरा दिला. तिसराही देणार. ठेकेदाराकडे माझा सहावा कागद परत मागितला आहे. तो म्हणाला, “जास्त शिकलीस काय?” मी हो म्हटलं.

ह्या वर्षी पुन्हा फॉर्म भरला आहे. फाइल तीच देणार. पान सोळा तेच, पान सतरा तेच, शब्द तोच. फक्त लेबलं ह्या वेळी खाली पडणार नाहीत. मी ती संदर्भसूचीच्या पानांवर डिंकाने चिकटवली आहेत, एकाखाली एक. सरांच्या बुटाचा ठसा असलेलं सगळ्यात वर आहे.