नापासांचा वर्ग

निरोप आला तेव्हा मी पुण्यात होते, आणि ज्या सतरंजीवर बसले होते ती जागा खरं तर गुरुजींची होती. मे महिन्यातली दुपार. पाचवी ते सातवीला गणित शिकवणाऱ्या निवडक शिक्षकांचं निवासी प्रशिक्षण चालू होतं. इथून शिकून जायचं आणि आपापल्या तालुक्यात बाकीच्यांना शिकवायचं, अशी योजना. शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "बारामतीच्या बाई कोण? फोन आहे." फोनवर माझे यजमान होते. "मारुतरावगुरुजी सकाळी गेले," एवढंच म्हणाले. मी फोन ठेवला, परत येऊन बसले आणि फळ्यावरचं उतरवून घेऊ लागले. शेजारच्या बाईंनी माझ्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं, तेव्हा मला कळलं की मी रडते आहे.

भिगवणकडून डाळजला जाताना हमरस्ता सोडून आत गेलं की एक वाडी लागते. तिथल्या सातवीपर्यंतच्या शाळेत मी नवी लागले तेव्हा सहावी माझ्याकडे होती आणि सातवी गुरुजींकडे. मधे फक्त लाकडी पार्टिशन. डी.एड. करून आले होते खरी, पण शिकवायला शिकले ते त्या पार्टिशनच्या अलीकडे बसून. गुरुजी उंच, काटक, थोडे पोक काढून चालणारे. वर्गात पुस्तकी मराठी, आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की अस्सल वाडीची बोली. वडील मेंढरं राखायचे, घरात शिकलेले हे पहिलेच. मागं पडलेल्या मुलांकडे त्यांचं फार लक्ष असायचं, तर लोक म्हणायचे, मेंढपाळाचं पोर ना, मागं राहिलेलं कोकरू सोडायचं नाही. यावर गुरुजी खदखदून हसायचे. "मेंढरं मी कवा राखलीच न्हाईत. बा म्हणायचा, ह्येच्या हातात कळप दिला तर कोल्ह्याची दिवाळी!"

त्यांना वेड होतं ते प्रशिक्षणाचं. आता हे वेड म्हणजे काय, ते शिक्षकालाच कळेल. त्या वेळी आमच्यासारख्यांना शिकायची संधी म्हणजे वर्षातून एखादं शिबिर. नवं पुस्तक आलं की तालुक्याला बोलवायचे, कुणीतरी प्रस्तावना वाचून दाखवायचं, चहा व्हायचा, पुन्हा कुणीतरी प्रस्तावना वाचायचं. आम्ही मागच्या भिंतीला टेकून पेंगायचो. गुरुजी मात्र पहिल्या ओळीत, मांडी ठोकून. जेवणाची वेळ झाली की नेमकी त्यांची शंका निघायची. "गुरुजी, आमटी गार व्हायलीय," म्हणून मागून ओरडा व्हायचा. ते वळून म्हणायचे, "आमटी परत तापवता येती. ह्ये साहेब परत कवा यायचे?" पुण्याच्या मोठ्या प्रशिक्षणाला आपलं नाव जावं, ही त्यांची एकच इच्छा होती. दर वर्षी ते विचारायचे, आणि दर वर्षी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव जायचं. मग एका वर्षी ही नावं ठरवणारे तालुक्याचे साहेब स्वतःच म्हणाले, "मारुतराव, पुढच्या मे महिन्यात तुमचं नक्की." गुरुजींनी त्या दिवशी वाडीतल्या झाडून सगळ्या पोरांना गोळ्या वाटल्या होत्या.

आणि मग ते गटसंमेलन झालं. आसपासच्या शाळांतले शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमायचे, त्याला आम्ही गटसंमेलन म्हणायचो. यजमान शाळेनं एक आदर्श पाठ घ्यायचा, पाहुण्यांनी 'पाठ उत्तम झाला' असं सांगायचं आणि मग लापशी-आमटीवर बसायचं. आदर्श पाठाची रीत सगळ्यांना ठाऊक होती. आठवडाभर त्याच पाठाची तालीम करून घ्यायची, हुशार मुलं पुढं बसवायची, कोणी कुठला प्रश्न विचारायचा तेही ठरलेलं. यात लबाडी आहे असं कुणाला वाटायचं नाही. पाहुणे येणार म्हणून अंगण सारवतो, तसंच ते. आमच्या शाळेची पाळी आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "बाई, ह्या खेपेला तालीम न्हाय करायची. खरा पाठ दावू. कुठं अडतंय ते तरी सगळ्यांना दिसंल." मी म्हणाले, "गुरुजी, साहेब येणार आहेत." ते म्हणाले, "म्हणून तर."

पाठ होता अपूर्णांकांच्या भागाकाराचा. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं, हे आपण सगळेच शिकलो. सुरुवात झकास झाली. एक भाकरी दोघांत वाटली, तिघांत वाटली. मग फळ्यावर आलं तीन चतुर्थांश भागिले दोन तृतीयांश. मागं बसलेली एक मुलगी उभी राहिली. "गुरुजी, भाकरी दोन माणसांत वाटत्यात. दोन तृतीयांश माणसांत कशी वाटायची?" वर्ग हसला, मागं बसलेले शिक्षकही हसले. गुरुजी हसले नाहीत. खडू हातात धरून ते फळ्याकडे वळले, पुन्हा मुलांकडे. मग मुलांकडून नजर उचलून त्यांनी आम्हा शिक्षकांना विचारलं, "उलटं का करायचं, मला सांगता येत न्हाय. तुमच्यात कुणाला येतंय का?"

मागचे शिक्षक हातातल्या वह्या चाळू लागले. मलाही येत नव्हतं आणि तसं मी म्हणालेही, पण मी वयानं लहान. नव्या पोरीच्या न येण्याचं कुणाला काय? केस पिकलेल्या माणसानं चारचौघांत 'येत नाही' म्हणणं, हे मात्र कुणालाच झेपलं नाही. साहेब खुर्चीतून म्हणाले, "गुरुजी, मग इतकी वर्षं काय केलंत?" गुरुजी साधेपणानं म्हणाले, "न कळता शिकवलं, साहेब." त्यात उर्मटपणाचा लवलेश नव्हता. पण साहेबांना तो त्यांचा, आणि सगळ्या खात्याचाच, अपमान वाटला. ज्याला स्वतःला येत नाही त्याला पुण्याला पाठवून करायचं काय, असं तालुक्याच्या बैठकीत ठरलं. म्हणजे ज्याला शिकायची गरज आहे त्यालाच शिकायला पाठवायचं नाही! मी चिडले, भांडायला निघाले, तर गुरुजींनीच अडवलं. "ऱ्हाऊ द्या बाई." मोठ्या मनानं म्हणाले असं मी लिहिणार नाही. त्यांना फार लागलं होतं. त्यांच्या पत्नी हौसाबाई मला म्हणाल्या, "मास्तरांच्या गळ्याखाली घास उतरंना झालाय. पोरगी नांदायला गेली तवा बी असं बसलं न्हवतं."

ते पावसाळाभर घुम्यासारखे राहिले. मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मला आणि शेजारच्या शाळेतल्या दोघांना थांबवून घेतलं. म्हणाले, "आपल्याला कुणी बोलवत न्हाय, तर आपुनच आपल्याला बोलवू." तेव्हापासून दर शनिवारी सातवीच्या वर्गात आम्ही जमू लागलो. ज्याला जे शिकवताना अडतं ते त्यानं आणायचं, आणि 'सोपं तर आहे' हे तीन शब्द कुणी उच्चारायचे नाहीत, एवढाच दंडक. कुणाचं रेखांशांवर अडायचं, कुणाचं इंग्रजीच्या काळांवर. कधी सुटायचं, कधी नुसताच चहा पिऊन उठायचो. पुढच्या गावच्या जगतापगुरुजींनी आमचं नाव ठेवलं, 'नापासांचा वर्ग'. जगतापगुरुजी म्हणजे गटातले सगळ्यांत ज्येष्ठ, आदर्श पाठाचे बादशहा. त्यांना कधी काही अडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मारुतरावांना हे नाव इतकं आवडलं की निरोप धाडतानाही ते म्हणायचे, "शनिवारी नापासांचा वर्ग हाय, या." अपूर्णांकाचं कोडं मात्र त्या वर्गात कधी सुटलं नाही.

पुढं माझी बदली वडगाव निंबाळकरला झाली. शनिवार जमेल तसा एस.टी.नं गाठायचे. दोन वर्षांपूर्वी गुरुजींचे पाय सुजायला लागले, मग बारामतीच्या दवाखान्याच्या खेपा वाढल्या. आणि यंदा, साहेब बदलले असले तरी यादी करायची रीत तीच, पुण्याच्या प्रशिक्षणाला नाव आलं ते माझं. जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात गेले. गुरुजी उशीला टेकून बसले होते. त्यांनीच विचारलं, "यंदा पुण्याला कोण चाललंय?" मी म्हणाले, "मी." त्यांचा चेहरा पडला. लपवायची कला त्या माणसाला कधीच आली नाही. मी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडं केला. मग ते म्हणाले, "बेस झालं. आपल्यातलंच कुणीतरी जातंय." आणि थोड्या वेळानं, "बाई, तितं सांगतील ते सगळं मला येऊन सांगायचं. मधलं गाळायचं न्हाय. मी बसतो की तुमच्या वर्गात." हौसाबाई रागावल्या, "आवो, आधी बरं तर व्हा!" मी कबूल केलं, सगळं सांगेन.

पुण्यात ते उत्तर मला मिळालं. फोन आला त्याच्या आदल्याच दिवशी. सरांनी आम्हाला कागदाच्या पट्ट्या कापायला लावल्या आणि म्हणाले, भागाकार म्हणजे दर वेळी वाटणं नसतं, कधी कधी मोजणं असतं. किती माणसांत वाटायचं हे विचारूच नका. ह्यात ते किती वेळा बसतं, हे विचारा. मी त्या रात्री मनातल्या मनात दवाखान्यातल्या खाटेशेजारी बसून गुरुजींना हे समजावून सांगत होते. ते मधेच कुठं हसतील तेही मला दिसत होतं... एक दिवस. एकच दिवस थांबले असते तर मी फोनवरून तरी सांगितलं असतं.

मी वाडीवर पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. हौसाबाई म्हणाल्या, "शेवटच्या दिशी बी इचारत हुते, बाई आल्या का म्हणून. म्या म्हणलं, येतील की, तितलं उरकल्याबिगर कशा येतील." मी त्यांच्या गळ्यात पडले. जरा वेळानं त्यांनीच माझे डोळे पुसले. "त्येंच्यासाठी आणलेलं कुणाला तरी सांगा बाई. मला अडाणी बाईला काय त्यातलं समजायचं."

जूनमध्ये शाळा उघडल्यावरच्या पहिल्या शनिवारी मी गेले. नापासांचा वर्ग नेहमीपेक्षा भरलेला होता. गुरुजींना श्रद्धांजली म्हणून काही असेही आले होते, जे एरवी कधी फिरकले नव्हते. त्यांत जगतापगुरुजी होते, मागं, भिंतीला टेकून. भाषणं झाली. भाषणांत सगळे चांगलंच बोलतात. मग मी म्हणाले, मला भाषण येत नाही, पुण्यात काय शिकले ते सांगते. पहिल्या दिवसापासून सुरुवात केली, काहीच गाळलं नाही. अपूर्णांकांपाशी आले, पट्ट्या काढल्या. बारा सारख्या घड्यांची एक पट्टी. तिचा तीन चतुर्थांश म्हणजे नऊ घड्या, दोन तृतीयांश म्हणजे आठ. नऊमध्ये आठ एकदा बसतात, आणि एक घडी उरते, ती आठातली एक. म्हणून उत्तर एक पूर्णांक एक अष्टमांश. मग त्यावरून 'उलटं करून गुणा' कसं निघतं, तेही फळ्यावर मांडलं. सगळे माना डोलावत होते. गटसंमेलनात डोलावतात तशाच. मी खट्टू झाले.

इतक्यात मागून आवाज आला, "बाई, थांबा. शेवटचं मला न्हाय समजलं."

जगतापगुरुजी उठून उभे राहिले होते, मुलं राहतात तसे. मान खाली. कुणी हसलं नाही. हे वाक्य ऐकण्यासाठी एका माणसानं आपली आयुष्यभराची इच्छा घालवली होती, आणि ते उच्चारलं गेलं तेव्हा तो ऐकायला नव्हता. मला म्हणायचं होतं, "हरकत नाही गुरुजी, बसा, परत सांगते." पण त्या खोलीत 'गुरुजी' अशी हाक मी आजवर एकाच माणसाला मारली होती. तो शब्द तोंडातून निघेना. मी पाठ फिरवली, फळा पुसला. मग पट्टी उचलून पुन्हा पहिल्या घडीपासून मोजायला लागले.