उलटं पुस्तक

आमच्या शाळेच्या पटावर अकरा मुलं, आणि यंदा पुस्तकांचे संच आले तीन. त्यामुळे एकेका पुस्तकाभोवती तीन-चार पोरं गोल करून बसतात. सोनालीची जागा कायम पुस्तकाच्या पलीकडच्या बाजूला, तिला सगळी अक्षरं उलटी दिसतात. ती तशीच वाचायला शिकली. मी तिची बाई, पण माझ्याही हे फार उशिरा लक्षात आलं.

परवा तालुक्याचे साहेब तपासणीला आले. शाळा राहणार की जाणार, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. दोन मुलं वाचताना अडखळली, तेवढ्यावर साहेबांनी टेबलाशी बसून लिहायला घेतलं. पलीकडे उभी असलेली सोनाली त्यांच्या कागदाकडे बघत खणखणीत वाचू लागली, “विद्यार्थ्यांचे वाचन कच्चे. शाळा बंद करावी.”

साहेबांचं पेन थांबलं.

लिहिणाऱ्याला नेहमी वाटतं, टेबलापलीकडून काही वाचता येत नाही. आमची मुलं तर कायम टेबलापलीकडेच असतात. पुस्तक काय, निर्णय काय, त्यांच्यापुढे सगळं उलटंच येतं.

मी खुर्ची ओढून सोनालीला बसायला दिली.

“पुढचं लिहा ना, साहेब,” मी म्हटलं. “ती वाचतेय.”