शेवटची येळवस

लोह्याजवळचं आमचं रान महामार्गात गेलं. ते सरकारचं नेमकं झालं कधी, यावर नांदेडात आमच्या घरी वाद पेटलेला असायचा. लातूरचे काका वकील. ते म्हणायचे, राजपत्रात गट नंबर छापून आला त्याच दिवशी मालकी गेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांना हे गणित मान्य नव्हतं.

"ताबा घेतलाय का? रस्ता दिसून राहिला का कुठं? मग मालक मीच."

जन्मभर पोरांना 'पुस्तकात छापलंय ते पाठ करा' म्हणून छडी उगारणारा माणूस राजपत्राला मात्र जुमानत नव्हता. आम्ही यावरून त्यांना लई छळलं.

पुढं ताब्याची नोटीस आली, ती नेमकी येळवशीच्या दुसऱ्या दिवसाची. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्याकडं रानात कडब्याची खोपटासारखी कोप उभारून पांडव पूजतात आणि रानाचा मालक आल्यागेल्याला हाक मारून जेवू घालतो. अण्णांना एवढंच हवं होतं, ही शेवटची येळवस मालक म्हणून करायची. ते तडक कचेरीत गेले आणि ताबा घ्यायला येणाऱ्या साहेबांनाच आवतन देऊन आले.

काकांनी कपाळाला हात लावला. "दादा, त्यांच्याच जमिनीत त्यांनाच जेवायला बोलवून राहिलास?"

"येळवशीला कुणाला न्हाई म्हणायचं नसतं," अण्णा म्हणाले. "मला म्हणता येत न्हाई, तसं त्यांनाबी न्हाई."

आणि साहेब खरंच आले. पोरसवदा होते, औशाकडचे. कोपीबाहेर बूट काढून पांडवांपुढं वाकले, मांडी घालून बसले. भज्जी, उंडे, वर आंबील. अण्णा वाढायला वाकले की नको म्हणायची कुणाची टाप नव्हती.

"लाजू नका साहेब, आपलंच रान समजा!"

काकांना जो ठसका लागला, तो पाणी पिऊनही थांबेना. साहेबही हसले. त्या दिवशी वाद अण्णांनीच जिंकला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कोप तशीच उभी होती. साहेब दोन माणसं घेऊन आले. पंचनामा वाचून झाला, अण्णांनी सही केली. साहेबांना त्यांच्याकडं बघवेना. त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी पुढं केलं.

"घ्या मास्तर. बसा थोडं सावलीला."

अण्णांनी पाणी घेतलं. बसले मात्र नाहीत. टोपी सारखी केली आणि हात जोडून साहेबांना म्हणाले, "येऊ का मग आम्ही?"

त्या रानात अण्णांनी आजवर कुणाला असं विचारलं नव्हतं. लोकच त्यांना विचारून निघायचे. काकांनी मान खाली घातली.

"या," साहेब हळूच म्हणाले आणि आम्हाला बांधापर्यंत सोडायला आले. तिथं मात्र मला रडू आवरलं नाही.