धाकटीच्या कार्डावरचा एक जून

मुकुंदवाडीत माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतभर चिकटवलेले नमुने आणि मान आखडलेला मी. लोक म्हणतात, किती आनंदाचं काम! असेल. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुलत्यांची नावं मानाच्या क्रमानं लावून बघा म्हणजे कळेल. एखाद्या आत्याचे यजमान एक ओळ खाली गेले की मांडवात रुसवे सुरू होतात, आणि त्याचं पाप छापणाऱ्याच्या माथी. माझ्या स्वतःच्या पत्रिकेत मी सासऱ्यांचं नावच विसरलो होतो. ते त्यावर कधी काही बोलले नाहीत. ती पत्रिका मात्र त्यांनी जपून ठेवली आहे आणि नव्या पाहुण्याला आवर्जून दाखवतात.

अलीकडं या कामाला आणखी एक शेपूट लागलं. पत्रिका छापायच्या आधी नवरा-नवरीच्या वयाचा पुरावा घ्यायचा, असं आम्हाला प्रशासनाकडून बजावण्यात आलं. मुलगी अठराची, मुलगा एकवीसचा. आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायची, जन्मतारीख बघायची, फाईलला लावायची. मी तेवढंच करायचो. वजाबाकी जमली की पुरावा पक्का. नव्या कार्डांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. बारीक अक्षर वाचणं हा माझा धंदाच असल्यामुळं ते मी वाचलं होतं. वाचलं, चष्मा पुसला आणि पुढच्या पत्रिकेला लागलो. गिऱ्हाइकाला काय सांगणार, की बाबा, तुझ्याकडं आहे तो एकुलता एक कागदसुद्धा स्वतःची हमी घेत नाही?

शिवाय तारखेचं मला कौतुकच नाही. आमच्याकडं माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचा जन्म एक जूनला झालेला आहे. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, मग मास्तर एक जून टाकून मोकळे. माझीही तीच. आई म्हणायची, तू झालास तेव्हा शेतात हरभरा सोंगणीला आला होता. तरी दर एक जूनला फोनवर शुभेच्छांचा पाऊस पडतो आणि बायको वरणभात करते. "तुमचा कुठं खरा वाढदिवस आहे?" हे तिचं ठरलेलं वाक्य. हरभऱ्याच्या दिवसांतही ती वरणभातच करते, हा भाग वेगळा.

तर यंदा फेब्रुवारीत माझी मावसबहीण आणि दाजी दुकानात आले. सिल्लोडच्या पुढं त्यांचं गाव. दाजींच्या घरी पूर्वी मोठा मेंढवाडा होता, आता वीसेक मेंढरं, थोडी कोरडवाहू आणि बाकी मिळेल ते काम. सोबत त्यांची धाकटी मुलगी होती. ती बारावीला, परीक्षा आठवड्यावर आलेली. थोरलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच झालं होतं, तिची पत्रिका मीच छापली होती.

"पाव्हणं, घ्या छापायला," दाजींनी चुरगळलेला कागद टेबलावर ठेवला. "धाकटीचंबी जमलं. फर्दापूरकडचे पाव्हणे हायेत. पोरगा हाटेल सांभाळतो बापाबरोबर. एप्रिलातली तारीख काढली."

"इतक्यात?"

"इतक्यात म्हंजी? स्थळ चालून आलं. थोरलीच्या लग्नातच बघितली त्यांनी."

धाकटी भिंतीवरचे नमुने बघत होती, म्हणजे आमच्याकडं पाठ करून उभी होती.

मी सवयीनं हात पुढं केला. दाजींनी पाकिटातून तिचं कार्ड काढलं. मी वजाबाकी केली. गेल्या जूनमध्ये अठरा पूर्ण. जमली. झेरॉक्स काढून फाईलला लावायला गेलो, तर खाली थोरलीची झेरॉक्स. आईबाप तेच, गाव तेच आणि जन्मतारीखही तीच. एक जून, तेच साल.

"दाजी, या दोघी जुळ्या कधी झाल्या?"

दाजी मोठ्यानं हसले. "आता मला विचारता व्हय? तुम्हीच तर केल्या!"

हसता हसता मी थांबलो, कारण ते खरं होतं.

अकरा-बारा वर्षांपूर्वी मी त्यांच्या गावी गेलो होतो. शाळा नुकत्या उघडलेल्या. बहीण थोरलीचं नाव घालायला निघाली होती. थोरली सात वर्षांची, उशीरच झालेला. पाच वर्षांची धाकटी तिच्या फ्रॉकला लोंबकळून रडत होती. बहीण खुरपणीला जायची, धाकटीला दिवसभर ठेवायचं कुणाजवळ? मी शहरातला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, शहाणा मामा. शाळेत पुढं झालो आणि म्हणालो, "मास्तर, दोघींना एकाच वर्गात टाका. तारीख एकच लिहा, जुळ्या समजा." मास्तर म्हणाले, "साहेब सांगतायत म्हणल्यावर लिहितो." साहेब! त्या एका शब्दावर मी आठवडाभर तरंगत होतो. पुढं कार्डं निघाली तेव्हा शाळेच्या दाखल्यावरूनच निघाली. म्हणजे त्या कार्डावर फोटो तिचा, बोटांचे ठसे तिचे आणि वय मात्र माझ्या बढाईचं.

मी बायकोला फोन लावला. तिला फक्त एवढंच विचारलं, की धाकटी कधीची?

"आपल्या पोरीच्या बारशाला तुमची बहीण पाळण्याची दोरी ओढत होती ना? तेव्हा तिला या धाकटीचा सातवा महिना लागलेला. आपली चैत्रातली, ती आषाढातली. का हो?"

आमची पोर अकरावीला आहे. तिचा जन्माचा दाखला प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवलाय. तिची अजून सतरा वर्षं पूर्ण नाहीत. धाकटी तिच्याहून अडीच-तीन महिन्यांनी लहान.

"दाजी, ही सोळाची आहे. मी छापणार नाही."

दाजींचं हसू उतरलं. "कार्डावर काय लिव्हलंय?"

"मी सांगितलेलं लिहिलंय."

"मग शाळेत चाललं, बोर्डाच्या परीक्षेला चाललं, आन् लग्नाला तेवढं चालत नाय? तवा तुम्हाला कुणी इचारलं होतं का? सोताहून पुढं झालात. आता सोताहून मागं व्हताय."

त्या खोट्यामुळं पोर एक वर्ष आधी शिकली, हेही खरं. ते खोटं मला चाललं होतं, कारण त्यात मी साहेब झालो होतो.

मी धाकटीकडं वळलो. "बाई, तुझं वय किती गं?"

ती वळली. "कार्डावरचं सांगू का आईनं सांगितलेलं, मामा?"

"आईनं काय सांगितलं?"

"गप बसायला सांगितलं." मग आईकडं न बघता म्हणाली, "मला नर्सिंगला जायचंय. बाईंनी फॉर्मबी सांगून ठेवलाय. मी घरात म्हणलं तर दादा म्हणाले, लग्नानंतर बघू."

तिकडं मुली बापाला दादा म्हणतात. दादांनी कागद उचलला, घडी केली. "सिल्लोडात धा जण छापतात. ते बारसं नाय काढत बसत."

आणि तेही खरं होतं. मी नाही छापली म्हणून काही थांबणार नव्हतं. कार्ड चोख होतं, कुणीही वजाबाकी केली असती तर जमली असती. ते खोटं आहे हे सांगू शकणारा माणूस मीच, आणि माझा पुरावा काय, तर बायकोची आठवण आणि एका पाळण्याची दोरी. मला खरंच दमायला झालं. वाटलं, शटर ओढावं आणि आडवं व्हावं. पण बहीण दुकानाच्या पायरीवर थांबली, पदर सावरल्यासारखं केलं आणि म्हणाली, "भाऊ, तू फर्दापूरच्या पाव्हण्यांकडं जाऊन बोल. माझं कोण ऐकतंय!" एवढंच. आणि गेली.

दोन दिवसांनी मी फर्दापूरची बस धरली. दाजींना फोन करून सांगितलं, चोरून जात नाही. ते म्हणाले, "जावा की. सोयरीक मोडून या." आणि तरीही सिल्लोडच्या स्टँडवर बसमध्ये चढले, माझ्या पुढच्या सीटवर बसले आणि शेवटपर्यंत मागं वळून बघितलं नाही. मी दीड-एक तास त्यांच्या फेट्याशी मनातल्या मनात भांडत होतो. जिंकलो एकदाही नाही.

मुलाच्या वडिलांचं हॉटेल म्हणजे लेणी बघायला येणाऱ्यांसाठी पोहे-चहाची जागा. माणूस शांत. मी सगळं सांगितलं, शाळा, मास्तर, इस्त्रीचा शर्ट सगळं. शर्टाची गरज नव्हती, पण सुरू झालो की मला थांबता येत नाही.

त्यांनी कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये पुन्हा बघितला. "कार्ड तर खरं हाय ना?"

"कार्ड खरं आहे."

"पोरगी खरी हाय."

"हो."

"मग खोटं कोण?"

"मी," म्हणालो. दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

त्यांनी चार कपबशा विसळून पालथ्या घातल्या. मग दाजींना म्हणाले, "पाव्हणं, आमच्या घरात एका पोरीचं असंच कच्च्या वयात लगीन लावलं होतं. बाळंतपणात गेली. माझी बहीण व्हती ती. तुम्ही मला हे आधी सांगायला पायजे होतं."

दाजी खाली बघत होते. "मलाबी कार्डच म्हाईत व्हतं," असं काहीतरी पुटपुटले. ते खोटं होतं हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, पण त्या दिवसाचा माझा दुसऱ्याला खोटं म्हणायचा हक्क संपलेला होता.

सोयरीक मोडली. "दीड वर्षानं पोरीची मर्जी असली तर बघू," असं ते म्हणाले. असं म्हणतात तेव्हा कुणी थांबत नसतं. येताना दाजी वेगळ्या गाडीनं आले. आमच्या नात्यात मी आता 'जमलेलं मोडणारा' आहे. गेल्या महिन्यात एका चुलतभावानं मुलाची पत्रिका दुसरीकडं छापून घेतली. त्यात माझं नाव आहे, पण सगळ्यात शेवटच्या ओळीत. धंद्यातला माणूस असल्यामुळं मला त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

परवा दुपारी धाकटीचा फोन आला. बारावीचा निकाल लागला होता, बरे मार्क पडले होते. ती गावातल्या सेंटरवर फॉर्म भरायला बसली होती, मागं गर्दीचा आवाज.

"मामा, जन्मतारखेच्या रकान्यात काय लिहू? खरी लिहू का?"

खरी लिहायची तर दहावीचं प्रमाणपत्र, बारावीचं, शाळेचा दाखला, कार्ड, सगळं उलटं फिरवायचं. त्यात वर्ष जाईल, आणि वर्ष गेलं की घरात दुसरं स्थळ येईल.

"मामा? लाईन लागलीय इथं."

"कार्डावरची लिही," म्हणालो.

"मग त्या दिवशी..."

"बाई, लिही. मागं लोक खोळंबलेत."